गिरकी आणि खालची डावी दाढ

सगळं झालं ते एकदा मान हलवल्यामुळे.

सूनबाई मुळातच कमी बोलणारी. लग्नाला सव्वातीन महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात तिने सासरी किती वाक्यं खर्च केली असतील याचा अंदाज सासऱ्यांनी एकदा चारचौघांत सांगितला होता: "आपला बेसिनचा नळ दिवसभरात ठिबकतो ना, तेवढी." बाकीचा कारभार मानेवर चालायचा. आणखी वाढू? मान. झोप लागली? मान. बाहेर निघालीस? मान. घरातली माणसं खूश होती. सगळेच बोलणारे असलेल्या घरात एक ऐकणारं माणूस आलं, की त्याच्याकडे लोक जरा जास्तच मायेने बघतात.

तर त्या रविवारी दुपारी जेवताना मागच्या खोलीचा विषय निघाला, आणि सासूबाईंनी भाजीचा डाव हवेत धरून विचारलं, "मग काय, खोलीसाठी तू खेळणार याच्याशी?"

'याच्याशी' म्हणजे दिराशी. यावर 'नाही' म्हणता आलं असतं. पण नुसत्या 'नाही'वर कोणी सोडत नाही. त्याच्यामागे कारण जोडावं लागतं, कारणामागे खुलासा, खुलाशावर कोणीतरी काहीतरी म्हणतं, मग त्यावर हसावं लागतं. 'हो'च्या मागे असा लवाजमा नसतो. म्हणून सूनबाईने सोपं पडलं ते केलं. मान हलवली.

चार चमचे आणि एक डाव जागच्या जागी थांबले. (चारांतला एक चमचा तिचाच होता. आपण काय कबूल केलं हे तिलाही तेव्हाच उमगलं.)

आता हे 'खेळणं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. सासूबाई बावीस वर्षं पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक होत्या. नोकरी सुटली, गळ्यातली शिट्टी सुटली नाही. दोन्ही मुलं लहान असताना एकमेकांना अशी बडवायची, की एकदा कपाटाची काच गेली आणि पुढच्या खेपेला मोठ्याचा पुढचा अर्धा दात. (हा मोठा म्हणजे सूनबाईचा नवरा. पहिल्या भेटीत तिला त्याच्यात सर्वांत आधी आवडला तो हा अर्धा दात. कसा छान बसवता येईल, असं तिच्या मनात आलं होतं.) दात गेला त्या संध्याकाळी सासूबाईंनी कुठूनसा मारामारीचा एक व्हिडिओ गेम पैदा केला, टीव्हीला जोडला, शिट्टी फुंकली आणि जाहीर केलं, की यापुढे ज्याला जे भांडायचं असेल ते याच्यात भांडायचं.

तेव्हापासून या घरातला न्याय अंगठ्यांनी होत आला. भिंतींना रंग कोणता द्यायचा, पंख्याखाली कोणी झोपायचं, स्कूटर कोणी न्यायची, सगळं त्या गेमवर. आव्हान जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर द्यायचं. मोठा मामला असेल तर सामना पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता, आणि निकाल वर्षभर टिकणार. तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो जिंकला. जो विजेता असेल त्याला एक नंबरचा कंट्रोलर. आणि खेळताना आरडाओरडा नाही, कारण तलावावर तेवढा पुरेसा झाला होता.

विजेता कोण, हा प्रश्न गेल्या अकरा वर्षांत पडलाच नव्हता. दीर. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, जीव मुठीत धरून, अतिशय गोड आवाजात "क्लच... क्लच... अहो, तो क्लच नव्हे" असं म्हणत राहणं ही त्याची नोकरी. साहजिकच संध्याकाळी घरी आल्यावर त्याला काहीतरी बडवावंसं वाटायचं. त्यासाठी त्याने ड्रम सांगून ठेवले होते. पाच ढोल, तीन झांजा आणि एक स्टूल. ठेवणार कुठे? मागच्या खोलीत.

आणि सूनबाईला ती खोली हवी होती कवळ्यांसाठी.

ती दातांची कारागीर होती. तीन दंतवैद्य तिच्याकडे माणसांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे पाठवायचे. त्यावर मेणात एकेक दात रचून ती कवळी तयार करायची. लग्नाआधी ती एका मोठ्या लॅबमध्ये हे काम करायची. लग्नानंतर काम घरी आलं आणि घरात जागा एकच होती: जेवणाचं टेबल. जेवणाच्या आधी ती सगळं आवरायची, तरी एखादा जबडा मागे राहायचाच. सासऱ्यांनी एकदा मिठाची बरणी म्हणून भलतंच काही उचललं होतं. दिराचा एक मित्र जेवायला आला, समोर सहा जणांचं हसू मांडलेलं पाहिलं आणि भूक नाही म्हणाला. मागच्या खोलीत उजेड एकसारखा यायचा, कोपऱ्यात नळ होता, ओटा होता. दाताची छटा बघायला असा उजेड लागतो. टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच दात चहा पिणाऱ्यांचे दिसतात, आणि त्या दिव्यापायी तिची दोन कामं परत आली होती. तिसरं आलं तर तिघांतले मोठे डॉक्टर काम बंद करतील, हे त्यांनी फोनवर फार सभ्य शब्दांत सांगितलं होतं.

जेवणानंतर आपल्या खोलीत नवऱ्याने दार लावून घेतलं. (दाराबाहेर ती त्याला 'अहो' म्हणायची, आत 'तू'.)

"कशाला मान हलवलीस? मी खेळलो असतो ना तुझ्यासाठी."

"तू कधी जिंकलायस त्याच्याशी?"

"जिंकलोय की."

"कधी?"

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. शहरातल्या निम्म्या इमारती त्याच्या भरवशावर वर-खाली करायच्या, पण या गेममध्ये तो स्वतः कायम तळमजल्यावर.

"त्याला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा."

सोमवारी दुपारी घर रिकामं झालं. सासूबाई जुन्या सवयीने तलावावर, दीर कोणाच्या तरी क्लचपाशी, नवरा कुठल्याशा नवव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टपाशी. सासरे आतल्या खोलीत डुलकी काढत होते. सूनबाईने मेणाचे हात पदराला पुसले, एक नंबरचा कंट्रोलर उचलला (दोन नंबरवर जेलीचे डाग होते) आणि टीव्ही लावला.

निवडायला सोळा लढवय्ये. त्यांतले बारा कमरेच्या वर उघडे आणि कोणावर तरी कमालीचे संतापलेले. उरलेल्यांत एक ठेंगणी, अंबाडा घातलेली, बाह्या दुमडलेली बाई होती. भावांनी तिचं नाव 'मावशी' ठेवलं होतं आणि इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलं नव्हतं. सूनबाईला ती बघताक्षणी पटली. मावशीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कामं पडलीत, लवकर उरका, एवढाच भाव होता.

पहिला तास मावशीने मार खाल्ला. दुसऱ्या तासात सूनबाईच्या अंगठ्याखाली चुकून काहीतरी जुळलं, आणि मावशी एका पायावर भोवऱ्यासारखी फिरत फिरत सरळ पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. वाटेत जो होता तो आडवा झाला.

"ती पुन्हा मार," मागून आवाज आला.

सासरे दारात उभे होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुकान बंद केलं तरी डोळ्यावरची भिंगाची नळी कपाळावर सरकवलेलीच असायची, लोक चष्मा ठेवतात तशी.

सूनबाईने पुन्हा मारायचा प्रयत्न केला. मावशीने नुसतीच उठाबशी काढली.

"खाली, मागे, लाथ," सासरे म्हणाले. "तीन ठोके आहेत. मी आतून ऐकत होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये तू श्वास घेतेस, तिथे घड्याळ बंद पडतं. टिक, टिक, टिक. मध्ये काही नाही."

"बाबा, तुम्हाला येतं हे?"

"मला नाही येत. मला फक्त शांतपणे जेवायचंय, समोर कोणी हसत नसताना." ते खुर्ची ओढून बसले. "मार."

आणि मग त्या गिरकीचे एकेक गुण उघड होऊ लागले. मंगळवारी कळलं, की ती जमिनीपासून वीतभर उंचावरून जाते, म्हणजे खालून येणारे निखारे हिच्या पायाखालून निघून जातात. (दिराचा लढवय्या तळहातांतून निखारे फेकायचा. घरात त्याला 'शेगडी' म्हणत.) बुधवारी उडी मारताना चुकून बटणं दाबली गेली तेव्हा मावशी हवेतच तरंगली आणि अलगद मागे आली. म्हणजे पळ काढायचा असेल तरी हीच. भिंतीला पाठ लागली, आता संपलं असं वाटलं, तर गिरकी घेऊन समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे. जवळ असेल तर तीन तडाखे, लांब असेल तर एक. वरून कोणी अंगावर आलं, तर तेही गिरकीत गुंडाळलं जायचं.

सूनबाईला हे सगळं ओळखीचं वाटत होतं, आणि बुधवारी संध्याकाळी मेण कोरताना लक्षात आलं. तिच्याकडे चौदा हत्यारांचा संच होता, मखमली घडीत, लॅबमधल्या मैत्रिणींनी लग्नात दिलेला. त्यातली तेरा हत्यारं अजून तशीच चकचकीत होती. सगळं काम एका मेणाच्या सुरीवर चालायचं: तीच कापायची, तीच सारखं करायची, तापवून तीच जोडायची, वेळ पडली तर चहाही तिनेच ढवळला जायचा. दिराला म्हणे शेगडीचे बावीस डाव येत होते. असू देत. आपण एकच घ्यायचा, असं तिने ठरवलं.

दीर रोज संध्याकाळी येता-जाता टोमणे मारत होता.

"वहिनी, ड्रम शिकायचे असतील तर पुढच्या आठवड्यापासून या. मागच्या खोलीत."

सूनबाई मान हलवायची.

"आणि रविवारी खेळताना एक करा. अधूनमधून आरशात बघत जा. मी मागून येतो."

मान.

गुरुवारी दुपारी घात झाला. तीन दिवसांत त्या एका लाथेच्या बटणावर अकरा वर्षांचा मार पडला होता, वर सूनबाईच्या अंगठ्याला प्लॅस्टरची भुकटी आणि मेण. बटण आत गेलं ते वर आलंच नाही. सासऱ्यांनी घड्याळाचा बारीक पेचकस आणून कंट्रोलर उघडला, तशी बटणाची टोपी टुणकन उडाली, पंख्याला लागली आणि दोन तुकडे होऊन खाली आली. तसले कंट्रोलर आता कोणी बनवत नाही. पलीकडच्या चौकातल्या दुकानदाराने तर हातात घेऊन विचारलं, "हे कशाचं आहे?"

दोघं टेबलाशी येऊन बसले.

"छोटं हवं," सासरे म्हणाले. "टणक. झिजणार नाही असं. अंगठ्याला घसरणार नाही असं."

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर अठ्ठावीस दात होते.

तिने जादाच्या डबीतून एक दाढ निवडली. खालची, डावी. बूड घासून बसतं केलं, हिरडीच्या गुलाबी मसाल्यात पक्कं रोवलं, आणि बटणाच्या जागी असं बसवलं की दाबलं की 'टिक' आणि सोडलं की वर. सासऱ्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या दुकानात असतीस तर दुकान बंद करावं लागलं नसतं." मग घड्याळाच्या काट्यांना द्यायचा काळा रंग त्यांनी त्या दाढेला दोनदा दिला. लांबून काही कळत नव्हतं.

दिराला सांगायचं होतं. सूनबाईच्या मनात खोट नव्हती. पण हे सांगायला किमान पाच वाक्यं लागली असती, त्यांतली दोन लांब. शुक्रवारभर तिने ती जुळवली. शनिवारी सकाळी दीर बूट घालत असताना ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, ते तुमचं..."

"घाबरू नका, वहिनी," दीर लेस बांधत म्हणाला. "नव्या शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी हायवेवर नेत नाही. हळू खेळेन."

त्यानंतर उरलेली साडेचार वाक्यं सांगावीत असं तिला वाटलं नाही.

रविवारी अकरा वाजता सासूबाईंनी शिट्टी पुसून तोंडात धरली. दीर एक नंबर घेऊन सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसला. सूनबाई दोन नंबर घेऊन डाव्या. नवरा मध्ये बसणार होता, त्याला उठवून खुर्चीवर पाठवण्यात आलं. सासरे वर छताकडे बघत बसले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

दिराने शेगडी निवडला. सूनबाईने मावशी.

"मावशी?" दीर म्हणाला. "अहो वहिनी, तिला चालतासुद्धा येत नाही."

शिट्टी.

पहिली फेरी कशी गेली हे न सांगितलेलं बरं. दोन नंबरचं बटण गुळगुळीत होतं, अंगठा सरकत होता. मावशीने ओळीने सहा उठाबशा काढल्या आणि सातव्या खेपेला निखाऱ्यांत गेली. खुर्चीतून नवऱ्याने हळूच म्हटलं, "होतं असं. माझं नेहमीच होतं." (धीर देण्याची प्रत्येकाची पद्धत असते.)

मधल्या सुट्टीत दिराने अंगठा चोळला. "टोचतंय काहीतरी," असं म्हणत त्याने अंगठा पाहिला. अंगठा काळा झाला होता. मग त्याने कंट्रोलर पाहिला. बराच वेळ पाहिला.

"आई," तो अगदी क्लच शिकवायच्या आवाजात म्हणाला, "याला दात आलाय."

सासूबाईंनी शिट्टी वाजवली. सवयीने. मग कंट्रोलर हातात घेतला. लाथेच्या जागी, काळा रंग उडून, चांगली पांढरीशुभ्र दाढ त्यांच्याकडे बघत होती.

नवरा वाकून म्हणाला, "दाढ आहे. खालची." सव्वातीन महिन्यांत तोही थोडंफार शिकला होता.

"डावी," सूनबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आता बोलणं भागच होतं. सूनबाईने श्वास घेतला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: सोमवार, मेण, मावशी, प्लॅस्टरची भुकटी, पंखा, दोन तुकडे, चौकातला दुकानदार, जादाची डबी, काळा रंग. काळा रंग कोणी दिला ते तेवढं वगळलं. छताकडे बघणाऱ्या माणसाने सुस्कारा सोडला.

घरात आल्यापासून ती सलग इतकं बोलली नव्हती, त्यामुळे गुन्ह्यापेक्षा त्याचाच धक्का मोठा होता.

"म्हणजे फसवणूक," दीर म्हणाला. "सामना रद्द. खोली माझी."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दाढ दोनदा दाबून पाहिली. टिक, टिक. "चालतं तर आहे. हे बघ, तलावावर कोणी फळी मोडली तर मी त्यालाच मोडक्या फळीवर पोहायला लावायचे. हिने बसवलंय, हिनेच यावर खेळायचं. कंट्रोलर बदला. पहिली फेरी गेली ती गेली. दुसरी सुरू."

"मला चालेल," दीर खूश होऊन म्हणाला. "टोचू दे वहिनींना."

सासऱ्यांनी छताकडे बघतच कपाळावरची नळी डोळ्यावर ओढली. हसू लपवायला घरात तेवढीच एक जागा होती.

एक नंबर हातात आला आणि सूनबाईचा अंगठा दाढेवर टेकला. त्या दाढेचे चार उंचवटे आणि मधला खळगा तिला ठाऊक होते. नजरेने आणि बोटांनी तिने अशा हजारेक तपासल्या असतील. अंगठा खळग्यात असा बसला, जसा काही तिथलाच. सरकणं नाही, शोधणं नाही. खाली, मागे, लाथ.

शिट्टी.

शेगडीने पहिला निखारा सोडला. मावशी त्याच्यावरून गिरक्या घेत गेली आणि तीन तडाखे देऊन थांबली. दिराने दुसरा निखारा सोडला. तिने पुन्हा तेच केलं. तो उडी मारून वरून आला, तर गिरकीत सापडला. तो मागे सरकला, तर गिरकी मागोमाग आली. तो जवळ आला, तर मावशी उडी मारून हवेतल्या हवेत तरंगत लांब जाऊन उभी राहिली, कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्यासारखी.

"दुसरं काही येत नाही का तुम्हाला?" दीर वैतागून म्हणाला.

सूनबाईने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात आणखी दोन तडाखे बसले. दुसरी फेरी मावशीची.

नवऱ्याने खुर्ची हळूहळू पुढे ओढली होती. तो आता जवळजवळ टीव्हीत होता. सासूबाईंनी त्याला कॉलरला धरून मागे घेतलं.

तिसऱ्या फेरीत दीर खरं खेळायला लागला. निखारे आता दोन उंचींवरून येऊ लागले, एक खालून, एक वरून, आणि मधल्या फटीतून गिरकी जाईना. सूनबाईची शक्तीची पट्टी लाल झाली, मग नखाएवढी उरली. मावशीची पाठ भिंतीला लागली. समोर शेगडी दोन्ही तळहात तापवत उभा. सूनबाईला पिवळा दिवा दिसला. परत आलेल्या दोन कवळ्या दिसल्या. मोठ्या डॉक्टरांचा सभ्य आवाज ऐकू आला, आणि त्यावर पाच ढोल आणि तीन झांजा.

"आरशात बघा, वहिनी," दीर पुटपुटला.

मग तिला आणखी एक आवाज ऐकू आला. खुर्चीच्या हातावर सासऱ्यांचं बोट. टिक, टिक, टिक. मध्ये काही नाही.

तिने श्वास घेतला नाही. मावशी उठली, दोन निखाऱ्यांच्या वरून, शेगडीच्या डोक्यावरून, भिंतीकडून मैदानाकडे फिरत गेली. दिराला वाटलं, पळाली. तो वळला नाही. पण गिरकीला शेपटी असते, हे फक्त तिला आणि सासऱ्यांना ठाऊक होतं. उतरता उतरता शेवटची टाच मागच्या बाजूला बसते. ती बसली. शेगडीच्या पाठीत.

तो सावकाश, हात पसरून आडवा झाला. पडद्यावर मावशीने बाह्या पुन्हा दुमडल्या.

"आरशात बघा, भाऊजी," सूनबाई म्हणाली.

मग आधी नवऱ्याने उडी मारली (दिव्याची झालर त्याच्या डोक्यात अडकली), मग सासऱ्यांनी टाळी वाजवली, मग सासूबाईंनी निकालाची लांब शिट्टी फुंकली, इतकी लांब की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून विचारायला वर आल्या. त्यांना सांगण्यात आलं, की सूनबाईने दिराला लाथ मारून खोली मिळवली. त्या आल्या पावली खाली गेल्या.

दीर मात्र दिलदार निघाला. कंट्रोलर उलटासुलटा करत त्याने विचारलं, "वहिनी, बाकीच्या बटणांनाही बसवता येतील का?"

सोमवारी टेबल रिकामं झालं. मागच्या खोलीत खिडकीखाली साचे ओळीने लागले, मेणाची सुरी उजवीकडे, उरलेली तेरा हत्यारं मखमलीत. उजेड असा पडला होता, की प्रत्येक दात आपल्या खऱ्या रंगात दिसत होता. सूनबाई खिडकीपाशी उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण आता या घरात राहायला आलो. ड्रम आले ते जेवणाच्या टेबलाशेजारी लागले. सासऱ्यांनी झांजेशेजारी ताट ठेवलं आणि म्हणाले, "निदान हसत तरी नाहीत."

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. निवृत्त हेडमास्तरांची खालची कवळी बुधवारी हवी होती. सूनबाईने त्यांच्या दातांची डबी उघडली आणि त्या सुंदर, एकसारख्या उजेडात स्वच्छ दिसलं, की डबीत तेरा दात आहेत. एक कमी. खालची, डावी दाढ.

त्या पिवळ्या दिव्याखाली जादाची डबी आणि हेडमास्तरांची डबी एकाच रंगाच्या दिसल्या होत्या.

त्या छटेची दुसरी दाढ यायला पंधरा दिवस लागले असते. तेव्हा सूनबाईने चिमटा हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक दात उपटला. कंट्रोलर नवऱ्याने धरून ठेवला होता, "दुखणार नाही" असं म्हणत. दाढ तीनदा साबणाने घासली, उकळली, चकाकवली आणि हेडमास्तरांच्या हिरडीत रोवली. तिच्या जागी बटणाला गुलाबी मसाल्याची एक गोल, गुळगुळीत टोपी बसली. दिसायला नीटनेटकी होती.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने घसा खाकरला. "आठवडाभर भांडी कोण घासणार? मी आव्हान देतो. आत्ता, ताबडतोब, मामला छोटा आहे." सगळ्यांच्या नजरा सूनबाईकडे गेल्या. विजेती ती होती. तिने मान हलवली. या खेपेला जरा ऐटीतच.

तीन फेऱ्यांची गरज पडली नाही. मावशीने एकूण एकोणीस उठाबशा काढल्या. सूनबाईचा अंगठा त्या गुळगुळीत टोपीवर खळगा शोधत राहिला, आणि तोवर नवरा सगळी बटणं एकदम दाबून मोकळा झाला.

ती बेसिनपाशी उभी राहून पातेली घासत होती. बाहेर नवरा फोनवर होता. सामना संपल्यापासून लिफ्टवाल्या मित्रांपैकी हा चौथा.

"हो हो, विजेतीलाच. नाही रे, कांजिण्या नव्हत्या. चांगली धडधाकट होती." मग आवाज खाली आणून, विनयाने म्हणाला, "फक्त दाढ काढलेली होती."